आजारी एक, गोळ्या पाच जणांना

टीबी झाला नवऱ्याला. त्याच्या गोळ्यांचं त्या मानाने सोपं गेलं. आजारी माणूस औषध घेतो, कारण त्याला बरं व्हायचं असतं. खरी दमछाक झाली ती घरातल्या धडधाकट माणसांना सहा महिने गोळ्या घ्यायला लावताना, आणि त्या धडधाकटांत मीही होतेच. मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या बहिणीचा फोन आला, घरी तेच प्रकरण, तेच प्रश्न. तिला तासभर फोनवर सांगितलं ते इथे जरा नीट लिहून ठेवते. तारखा माझ्या वहीतल्या आहेत.

डिसेंबर २०२३ मध्ये खोकला सुरू झाला. नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामाला, त्यामुळे "कारखान्यातली धूळ" हे कारण तयारच होतं. नेहमीच्या डॉक्टरांकडून दोन वेळा औषधांचा कोर्स, खोकल्याच्या तीन बाटल्या, रक्ताच्या तपासण्या, एक एक्स-रे. संध्याकाळ झाली की अंगात कणकण, आणि पट्ट्याला दोन भोकं आत. निदान व्हायच्या आधीच ६,२०० रुपये गेले होते. एक्स-रे बघून डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली, थुंकी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या म्हणून. हे त्यांनी महिन्याभरापूर्वी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर कुणी सांगायची वाट न बघता थुंकी तपासून घ्या, तिथे ती फुकट होते.

२९ जानेवारी, सोमवार. ग्रामीण रुग्णालय. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, हे आम्हाला खिडकीवर दहाची नोट सरकवल्यावर कळलं. लॅबमध्ये दोन डब्या मिळाल्या. एक नमुना तिथेच, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्याचा. सकाळचा नमुना घेऊन मी गेले तर लॅबवाल्या ताईंनी डबी उजेडात धरली आणि परत दिली. "ही लाळ आहे, बेडका आणा." म्हणजे आणखी एक दिवस. नमुना द्यायचा तर आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून काढायचं. आणि हे मोकळ्यावर, घरात नाही. थुंकीतले टीबीचे जंतू शोधणाऱ्या ट्रूनॅट मशीनला स्वतःला तास-दोन तास लागतात, पण आमचा रिपोर्ट यायला शुक्रवार उजाडला. टीबीचे जंतू सापडले, रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, दाद न देणारे नाहीत. दुसऱ्या अर्ध्या वाक्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं. औषधाला दाद न देणारा टीबी निघाला असता तर गोळ्याही वेगळ्या लागल्या असत्या आणि गोष्टही वेगळी झाली असती.

सोमवारी, ५ फेब्रुवारीला गोळ्या सुरू. वजन ४७ किलो, म्हणून रोज तीन. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार, असा हिशोब असतो. एकाच गोळीत चार औषधं. सकाळी उपाशीपोटी, तिन्ही एकदम. त्याच दिवशी एचआयव्ही आणि साखरेची तपासणी झाली. एचआयव्हीचं नाव ऐकून नवरा गप्प झाला. ती टीबीच्या प्रत्येक रुग्णाची करतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर तो रात्रभर जागला नसता. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या संडासातून त्याचा फोन. "अगं, लघवी नारिंगी होतेय. लालच जवळजवळ." मी टीबी सुपरवायझर सरांना फोन लावला. ते हसले. "रिफाम्पिसिनचा रंग आहे तो ताई. रंग दिसतोय म्हणजे गोळी पोटात गेली." नजर धूसर झाली, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच या, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

घरी आल्यावर आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याचं ताट-वाटी-तांब्या वेगळा केला होता. ताटाच्या मागे खिळ्याने फुली मारलेली. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. पहिले दोन-तीन आठवडे मास्क, खिडक्या उघड्या आणि झोपायला वेगळी खोली एवढं पुरतं, असं सरांनी सांगून झालं होतं. पण ज्या बाईचा थोरला दीर टीबीने गेला आणि ज्याला गोठ्यात जेवायला वाढलेलं तिने पाहिलंय, तिला हे एका वाक्यात कसं पटावं? मुलाला वेगळं ताट देताना त्यांचा हात थरथरत होता, तरी त्यांनी ते दिलं. फुलीचं ताट एप्रिलपर्यंत तसंच वेगळ्या फळीवर होतं.

१० फेब्रुवारीला सुपरवायझर सर आणि आशाताई घरी आल्या. वहीत लिहून घेतलं, घरात कोण कोण झोपतं. आई, वय ६४. मी. मुलगा अकरा वर्षांचा. चिऊ चार वर्षांची. मग सर म्हणाले, चौघांनाही तपासून प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या. आधी हे फक्त पाच वर्षांखालची मुलं आणि एचआयव्ही असलेल्यांपुरतं होतं, २०२१ पासून रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांसाठी झालं. तपासायचं कशासाठी, तर आधीच आजार असेल तर एका औषधावर भागत नाही, तिथे पूर्ण उपचार लागतात.

चिऊला जन्मतः बीसीजी दिलेली, मग पुन्हा गोळ्या कशाला, असं मीच विचारलं. ती लस लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या गंभीर टीबीपासून वाचवते, पण टीबी होणारच नाही याची हमी देत नाही.

एक्स-रेवाले मंगळवार आणि शुक्रवारीच यायचे. पहिल्या मंगळवारी वीज नव्हती. शुक्रवारी मुलाची शाळा बुडवून, चिऊला कडेवर घेऊन, आईंना कसंबसं तयार करून गेलो. मला आणि आईंना एसटीचं तिकीट अर्धं, तेवढाच दिलासा. चौघांचेही एक्स-रे स्वच्छ. आठवड्यातून एकदा घ्यायचा बारा डोसांचा कोर्सही असतो, पण तेव्हा आमच्याकडे तो उपलब्ध नव्हता. म्हणून आयसोनियाझिड, रोज एक याप्रमाणे सहा महिने, १८० डोस. आम्हा मोठ्यांना आणि मुलाला ३०० मिलिग्रॅमची एक, चिऊला वजन १४ किलो म्हणून शंभराच्या दीड. १९ फेब्रुवारीला आम्ही तिघांनी सुरू केलं.

आईंनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि फडताळावर ठेवून दिलं.

"मला काय झालंय?"

"काही होऊ नये म्हणूनच आहेत, आई."

"साखरेच्या दोन, बीपीची एक. त्यात ही. औषधांनीच माणूस मरायचं."

मी सरांकडून ऐकलेलं सगळं ओतलं. जंतू अंगात झोपून राहू शकतात. त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त, आणि साखर असली की तो दुप्पट-तिप्पट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शंभरातल्या नव्वदांना होत नाही ना? मग मी त्या नव्वदांतली." हिशोबात चूक काढायला जागाच नव्हती. आजही मला वाटतं, निरोगी माणसाला सहा महिने औषध घ्यायला सांगणं हा फार विचित्र सौदा आहे. तो फळला की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याचं श्रेय कुणी औषधाला देत नाही.

खरं कारण मला आठवड्याने कळलं. नणंद पुण्यात नोकरीला, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू. आशाताई गुलाबी साडीत रोज दारात उभ्या राहिल्या तर शेजारच्या वहिनी विचारणारच. मुलाचा आजार लपवता येईल, "न्यूमोनिया झाला होता" म्हणता येईल. पण घरातल्या पाचही माणसांना गोळ्या म्हटल्यावर काय सांगायचं? हे त्या मला भाजी निवडताना, मान वर न करता बोलल्या. मी आधी जे सगळं समजावलं होतं ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी मी आशाताईंना अंगणवाडीत गाठलं. चिऊला सोडायला मी रोज जातेच, तर गोळ्यांची पाकिटं तिथेच द्या, दारात नको. त्या लगेच हो म्हणाल्या. "मला काय, गोळ्या पोटात गेल्याशी मतलब. पण ताई, महिन्यातून एकदा मला घरी यावं लागेल, फोटोला." मग महिन्याच्या भेटीला त्या रक्तदाब तपासायच्या नावाखाली आईंकडे यायला लागल्या. शेजारच्या वहिनींनीही एकदा स्वतःचा तपासून घेतला! तुमच्याकडे दारात येण्याची अडचण असेल तर आशाताईंना सरळ सांगा. त्यांना असे मार्ग आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात, फक्त आपण विचारत नाही.

इकडे चिऊचा वेगळाच तमाशा. दीड गोळी चमचाभर पाण्यात विरघळवायची, वर गुळाचा खडा. पहिले पाच दिवस ठीक. मग ओठ घट्ट मिटून घेणं, मग फुर्र करून भिंतीवर. महिनाभर मी रोज सकाळी भांडत होते, डबे करायच्या वेळेला. भिंतीवरचे ते ठिपके रंग दिल्यावरच गेले. आई पाचला उठतात. १८ मार्चला मी उठून बघते तर स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसलेल्या. चिऊच्या हातात चमचा, आईंच्या हातात फडताळावरचं पाकीट.

"आजी आधी."

आईंनी माझ्याकडे न बघता गोळी टाकली आणि तांब्या तोंडाला लावला. "आ कर," चिऊ म्हणाली. आईंनी आ केला. मग चिऊने.

त्या दिवसापासून ते दोघींचं खातं झालं. मी त्यात पडले नाही. मुलाचं मात्र कॅलेंडर लावावं लागलं. फुली त्याची त्यानेच मारायची. फुली आणि उरलेल्या गोळ्या मी रविवारी मोजून बघायचे. माझं सांगते: माझे नऊ डोस चुकले. सगळ्यांना देता देता स्वतःची राहिली, असं. शिवाय दुसऱ्या महिन्यात तळपायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. आयसोनियाझिडबरोबर बी-सिक्स जीवनसत्त्वाची गोळी हवी, ती त्या वेळी संपलेली. बाहेरून आणून घेतली, दहा-बारा दिवसांत मुंग्या गेल्या. पायाला मुंग्या हे फालतू वाटतं, सांगायला संकोच होतो, पण सांगा.

मार्चअखेर खरा दणका. नवऱ्याचे पहिले ५६ डोस ३१ मार्चला संपले. थुंकी तपासली, जंतू नाहीत. आनंदाने पुढच्या टप्प्यातल्या तीन औषधांच्या गोळ्या आणायला गेलो तर गोळ्याच नाहीत. त्या वसंतात देशात ठिकठिकाणी टीबीच्या औषधांचा तुटवडा होता, वर्तमानपत्रांतही आलं होतं. खिडकीवर सांगितलं, आठवड्याने या. आठवड्याने? एक दिवस चुकवू नका म्हणून दोन महिने आमच्या डोक्यात हातोडा मारलेला. सुपरवायझर सर स्वतः हवालदिल झाले होते, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, बाहेरून घ्या, पावती ठेवा. गावात तीन मेडिकल फिरलो, शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाल्या. दोन आठवड्यांचे चारशेच्या आसपास लागले. यात चार दिवस खंड पडला. ते चार डोस शेवटी वाढवून दिले. पावतीचे पैसे मिळण्यासाठी मी दोन अर्ज केले, दुसऱ्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे. पैसे अजून नाहीत.

या प्रसंगातून लावून घेतलेली सवय: पाकिटात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की फोन करायचा, शेवटच्या दिवशी जायचं नाही. निक्षय आयडीचा, म्हणजे रुग्णाच्या सरकारी टीबी नोंदणीच्या नंबराचा, फोटो मोबाइलमध्ये ठेवा, दुसऱ्या गावी असलात तरी त्या नंबरावर नोंद सापडते. आणि १८००-११-६६६६ ही टीबीची मोफत हेल्पलाइन. मी दोनदा लावली. दुसऱ्यांदा लागली आणि बाईंनी खरंच नीट ऐकून घेतलं.

आता पैसे. निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला आहारासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले, आम्हाला जुना दर. खातं नवऱ्याचं, पण ज्या बँकेत ते उघडलेलं ती दुसऱ्या बँकेत विलीन झालेली आणि पासबुकावर जुना आयएफएससी. फॉर्म परत आला. नवीन पासबुक आणलं तर आधारवर नावात 'राव' आहे आणि बँकेत नाही. फॉर्म परत आला. पहिले १,५०० जुलैत आले, उरलेले ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तो बरा झाल्यावर. पहिल्याच दिवशी नव्या पासबुकाची झेरॉक्स द्या, आणि खातं आधारशी जोडलंय का हे बँकेत तोंडी न विचारता सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या.

पाचशे रुपये म्हणजे दिवसाला सतरा रुपये, दोन अंडी. ती दोन अंडी पाच माणसांच्या घरात एकट्या आजारी माणसाच्या ताटात पडतात, असं ज्याला वाटतं त्याने आमच्याकडे जेवायला यावं. नवरा अर्धं अंडं चिऊला भरवायचाच. मी रागवायचे, मग थांबले. पुढे वाचनात आलं, झारखंडात अभ्यास झालाय. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही महिन्याचा तांदूळ-डाळ दिली तर घरच्यांत टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. हा निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आला. म्हणजे ते अर्धं अंडं काही वाया गेलं नव्हतं. निक्षय मित्रांकडून, म्हणजे टीबीच्या रुग्णांना मदत करणाऱ्या देणगीदारांकडून, येणारी शिध्याची पिशवी आम्हाला सहा महिन्यांत दोनदा मिळाली. दुसऱ्या वेळी वाटपाचा फोटो काढणार म्हणाले, तर नवरा गेलाच नाही. मी मास्क लावून गेले आणि मागच्या रांगेत उभी राहिले.

मे महिन्यात नणंदेला बघायला पाहुणे आले आणि चार दिवस राहिले. पाकिटं पिठाच्या डब्यामागे. त्या चार दिवसांत आईंनी गोळी घेतली नाही आणि चिऊलाही आजीशिवाय नको, म्हणून तिला मी न्हाणीघरात नेऊन दिली. आषाढीला आई पंढरपूरला गेल्या, पाकीट घरीच विसरल्या, आणखी दोन दिवस गेले. आणि हो, जमलं नणंदेचं, पण दुसरीकडेच. तिने मुलाला पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं होतं. आम्ही डबे सरकवत बसलो होतो!

जूनमध्ये नवऱ्याचं वजन ५३ झालं आणि गोळ्या तीनच्या चार झाल्या. त्याला वाटलं आजार वाढला. नाही, वजन वाढलं म्हणून डोस वाढला. २५ जुलैला शेवटचा डोस. थुंकी स्वच्छ. कार्डावर 'बरा' असं लिहून सरांनी सही केली. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचं, पहिली जानेवारी २०२५ मध्ये झाली, ठीक आहे. शेवटच्या डोसच्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना तो म्हणाला, "उद्या सकाळी काय करायचं?" सकाळी उठल्यावर सवयीने त्याने पाण्याचा तांब्या भरला होता.

चिऊच्या गोळ्या १६ ऑगस्टला संपल्या. थुंकलेल्या दिवसांचे डोस सरांनी मोजून घेतले आणि पुरे म्हणाले. आणि त्याच दिवशी आईंच्याही संपल्या, त्यांच्या मते. पाकिटात ३४ गोळ्या शिल्लक. "पोरीचं झालं ना? मग माझंही झालं." मी रागावले, नवऱ्याने समजावलं, नणंदेने पुण्याहून फोन केला. आईंनी पाकीट पुन्हा फडताळावर ठेवून दिलं, फेब्रुवारीत ठेवलं होतं तिथेच.

पुढच्या मंगळवारी मी ते पाकीट घेऊन सरांकडे गेले. वाटेत ठरवलं होतं, सगळं खरं सांगायचं. त्यांनी वहीतल्या फुल्या पेन्सिलने मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"एकशे सेहेचाळीस. १४४ झाले की कोर्स पूर्ण धरतात, ताई. ऐंशी टक्के. उरलेल्या घेतल्या तर उत्तमच, पण नाही घेतल्या तरी मी 'पूर्ण' लिहितो."

घरी येऊन सांगितलं. आई शेंगा सोलत होत्या. "मग? मी काय म्हणत होते?" म्हणाल्या, आणि टरफलं गोळा करून उठल्या.